जळकोटच्या बैठकीत इंग्रजीचं भजन

आमच्या सगळ्या भावकीत इंग्रजी येणारा मी एकटाच होतो, आणि ते तपासू शकेल असा कुणीच नसल्यामुळं माझं बरं चाललं होतं.

निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत, घर मराठीत आणि पाहुणेरावळे निम्मे कानडीत. इंग्रजीला जागा उरली होती कुठं? ती आमच्या तेर गावच्या मास्तरांनी काढली. मास्तर दर सोमवारी शिवाच्या देवळात भजनाला पुढं बसायचे. आमच्या डोक्यात छडीनं काही शिरत नाही, चालीवर मात्र काहीही शिरतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता इंग्रजीची एक खोड सांगतो. काही क्रियापदांच्या पुढं 'टू' येतो, काहींच्या पुढच्या शब्दाला 'इंग'चं शेपूट लागतं. वॉन्ट म्हटलं की टू ईट. एंजॉय म्हटलं की ईटिंग. का, ते विचारायचं नाही. (लग्नात कुठल्या पाहुण्याला फेटा आणि कुणाला नुसती टोपी, हे तरी आपण कुठं विचारतो?) मास्तरांनी हे सगळं भजनाच्या चालीत बसवलं. ते म्हणायचे, "एंजॉय, फिनिश, अव्हॉइड, माइंड," आणि आम्ही ओरडायचो, "इंग शिवा, इंग!" ते म्हणायचे, "वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज," आम्ही, "टू हरा, टू!"

गोम एवढीच, की मधूनच कुणी विचारलं तर मला काही येत नसे. पहिल्यापासून, चालीवर, शक्यतो टाळ्या वाजवत म्हटलं तरच गाडी त्या स्टेशनावर यायची.

पुढं माझं लग्नाचं निघालं. स्थळ जळकोटच्या शिवलिंगाप्पांचं. त्यांचा गुळाचा व्यापार, सोलापूरच्या व्यापारी पेढ्यांशी इंग्रजीत पत्रव्यवहार, म्हणून जावई इंग्रजी जाणणारा हवा. अण्णा, म्हणजे माझे वडील, छाती फुगवून निघाले. सोबत माझे चुलते बसाप्पाकाका. मुलगी बघायला तिघांनी जाऊ नये, म्हणून चौथा काकांचा थोरला मुलगा वीरण्णा. माझ्याच वयाचा, अंगठेबहाद्दर. त्याला अण्णांनी बजावलं, "तू फकस्त बसायचं. तोंड उघडायचं न्हाय."

बैठकीत सुशीला आली. (ही खायची, चुरमुऱ्यांची. मुलगी अजून आत होती.) मग मुलगी आली, पाणी ठेवून गेली, आणि मला ह्याच घरचा जावई व्हायचं आहे हे माझं पक्कं ठरलं. येत होतं तेवढंही इंग्रजी तिथंच पातळ झालं.

तेवढ्यात मुलीचे मामा सरसावले. हे सोलापूरचे. सोलापूर इंग्रजांच्या राज्यात, त्यामुळं मामा निजामाच्या हद्दीत पाय ठेवायचे ते उपकार केल्यासारखे. गिरणीत कारकून होते, पण साहेबाची गोष्ट सांगताना साहेबच त्यांच्या हाताखाली असल्यासारखा वाटायचा.

"तुमच्याकडं इंग्रजी शिकवतात म्हणं," मामा म्हणाले.

"व्हय तर," अण्णा म्हणाले. "विचारा की काय बी."

मामांनी टोपी सरळ केली. "सांगा बघू. अव्हॉइड. त्याच्या पुढं काय येतंय?"

अव्हॉइड! बरोबर तिसरं. मी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अगदी मनातल्या मनात, पण चाल मनात मावेना. ओठ हलले, मग आवाज फुटला, मग हात मांडीवर पडला.

बसाप्पाकाकांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण चाल त्यांच्या सोमवारची. आणि आमच्या घरची रीत अशी, की कुणी पहिलं पद उचललं आणि दुसऱ्यानं साथ दिली नाही तर पाप लागतं.

"आरं, पोरगं एकटंच म्हणतंय आन् तुमी सुपारी काय कातरताय?" काका अण्णांवर खेकसले, आणि त्यांनी वरच्या पट्टीत उचललं, "इंग शिवा, इंग!"

शिवाचं नाव ऐकल्यावर जळकोटची मंडळी गप्प बसतात होय? शिवलिंगाप्पांनी झांजा मागवल्या. शेजारचा एकजण पखवाज घेऊनच आला. ओसरी भरली. मामा "अहो, मी परीक्षा घेतोय" म्हणत उठायला लागले, तर मुलीच्या आजीनं आतून सांगितलं, "कुंद्रू, कुंद्रू. बसा. भजनातनं उठू नये." मामा परत बसले.

एव्हाना माझी क्रियापदं संपली होती. ती होती किती! मी पुन्हा एंजॉयवर आलो, तर घसा बसला. आणि मग वीरण्णानं तोंड उघडलं. काय आवाज होता! 'रिफ्यूज' त्यानं असं आळवलं, की दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. "टू हरा, टू" म्हणताना पखवाजवाला बसल्या जागी डोलत होता. अव्हॉइड कितीदा आलं आणि गेलं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, माझ्यासुद्धा.

आरती झाली, खोबरं वाटलं. मामा घाम पुसत म्हणाले, "आता न गाता एक वाक्य सांगा."

मी पुष्कळ विचार करून म्हणालो, "आय होप..." आणि पुढचं येण्यासाठी टाळी वाजवली.

"साकु," शिवलिंगाप्पा म्हणाले. "पुरे. आमचं ठरलं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी लाजलो.

"मुलगी द्यायची," शिवलिंगाप्पा म्हणाले, "ती ह्या वीरण्णाला. गूळ इंग्रजीबिगर बी खपतोय आमचा. पण असा गळा सोमवारला मिळायचा न्हाय."

"आन् इंग्रजीचं?" मामांनी विचारलं.

"तुमी हायसा की."

परतीच्या वाटेवर वीरण्णा एकदाच बोलला. "दादा, त्या रिफ्यूजचा अर्थ काय रं?"

"नकार," मी म्हणालो. एवढा एक मला न गाता आला.

माझं लग्न पुढं दोन वर्षांनी ईट नावाच्या गावातल्या एका घरात झालं. तिथं कुणाला इंग्रजी येत नव्हतं आणि गाण्याचीही आवड नव्हती. सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, यंदा ज्वारी कशी आहे. त्याचंही उत्तर अण्णांनीच दिलं.