मावशींची ओटी

आमच्या मँचेस्टरच्या कौन्सिलमधल्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेतल्या, सोशल वर्कर बायकांची वजनं त्या वर्षांत वाढली असतील, तर त्याला एकट्या मावशी जबाबदार आहेत. मावशी म्हणजे माझ्या बायकोच्या लांबच्या मावशी. त्यांचे यजमान, आमचे काका, मँचेस्टरलाच हॉस्पिटलात डॉक्टर होते. ते गेल्यावर रिकामं घर खायला उठलं, तेव्हा मावशींनी कौन्सिलकडून, आईबापांना सांभाळता येत नाहीत अशी मुलं सांभाळायला घेतली. मुलामागोमाग सोशल वर्कर येई, आणि दारात आलेल्या बाईला मावशी पोहे-चकली खाऊ घालून वर ओटी भरल्याशिवाय सोडत नसत. पण विधवेनं ओटी भरायची नाही आणि तिचीही कुणी भरायची नाही, हे त्या कटाक्षानं पाळत. म्हणून माझ्या बायकोला फोन येई, "अगं, कौन्सिलची बाई आलीये, पटकन ये. तिचं पार्किंग संपतंय." नारळ, तांदूळ आणि खणाऐवजी भांडी पुसायचा टी-टॉवेल. त्या बाईंची गाडी वळली की डिकीत नारळ गडगडतात, असं बायको शपथेवर सांगते. इथं इंग्लंडात विधवा-सवाष्ण कोण बघतंय, असं मी एकदा म्हणालो. "मी बघतेय ना," मावशी म्हणाल्या.

लीना आली ती चार वर्षांची, थोड्या दिवसांसाठी म्हणून, आणि राहिलीच. तिची आई ट्रेसी मनाच्या आजारानं सारखी हॉस्पिटलात असे. बरी असली की रविवारी लेकीला भेटायला येई, तिचीही ओटी भरली जाई. काही महिन्यांत ती न सांगता कोटाचं टोक पुढे धरायला शिकली.

पुढे कौन्सिलनं ठरवलं की पोरीला आता कायमचं घर हवं. मावशींनी ताबडतोब दत्तकविधानाच्या पेढ्यांसाठी मिल्क पावडरचा खवा करून ठेवला. पण दत्तक गेली की ट्रेसी कायद्यानं तिची आई उरणार नव्हती. ट्रेसी नाही म्हणाली. आईची संमती नसली तरी कोर्ट देऊ शकतं, असं सोशल वर्करनं समजावलं.

"आई देते तेव्हा दत्तक होतं," मावशी म्हणाल्या. "कोर्ट कोण देणारं?"

नव्या कायद्यात दुसरी वाट होती, रेसिडेन्स ऑर्डर. लीना मावशींकडेच वाढणार, आणि ट्रेसी आईच राहणार.

"आणि उद्या ट्रेसीनं परत मागितली तर?" मावशींनी विचारलं.

"कोर्टात मागू शकते."

मावशींचा पोहे वाढणारा हात थांबला. असं मी कधी पाहिलं नव्हतं. पोरीत त्यांचा जीव गुंतला होता.

"मागू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "आईच आहे ती."

ऑर्डर झाली त्या दुपारी ट्रेसी पिशवी घेऊन आली. नारळ, सुपरमार्केटातलं तांदळाचं पाकीट आणि कोरा टी-टॉवेल. "आंटी, आज तुमचा नंबर," ती म्हणाली.

विधवेची ओटी भरत नाहीत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तोच बायकोनं माझा दंड दाबला. मावशी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग त्यांनी हळूच पदर पसरला. ट्रेसीनं सगळं त्यात घातलं आणि लीनाला पुढे केलं. "सांभाळा हं हिला," ती म्हणाली.  

मावशी आता नाहीत. त्यांच्या हातचं मी पुष्कळ खाल्लं, पण आठवतो तो त्या संध्याकाळी ओटीच्या तांदळाचा केलेला भात. त्यांच्या हातून प्रथमच जरा कच्चा राहिला होता. आम्ही सगळ्यांनी तो दुसऱ्यांदा मागून घेतला.