मामांना वगळून छापलेलं पुस्तक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवून बघावं लागत नाही. माझ्या मामांचे. पापनाशमजवळच्या आमच्या खेड्यात शाळा दहावीपर्यंत होती आणि आमच्या घरात तेवढंही शिकलेला कुणी नव्हता. मामांनी मला तंजावूरला आपल्या घरी नेलं, पाच वर्षं जेवू घातलं, कॉलेजात घातलं आणि मी बी.ए. झालो. त्यांनी ते केलं नसतं तर आज मी ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलो नसतो; कालव्याच्या कडेला कुणाच्या तरी भातावरचे पक्षी हाकत असतो. हे मी कृतज्ञतेनं लिहितो. आणि याच माणसावर सूड उगवण्यासाठी मी एक पुस्तक लिहिलं आणि स्वतः छापून घेतलं, हेही लिहितो.

कारण एक फोटो.

माझी पदवी पोस्टानं आली. तिरुच्चीला समारंभाला जाणं जमलं नव्हतं. अशा पोरांसाठी आमच्याकडे फोटो स्टुडिओत काळा झगा, चौकोनी टोपी आणि रिबीन बांधलेली कागदाची गुंडाळी तयार ठेवलेली असते. झगा घालून, हातात गुंडाळी धरून फोटो काढायचा आणि तो घरात लावायचा. तो लागल्याशिवाय घरात कुणी पदवीधर झालं असं लोकांना वाटत नाही. मामा मला हौसेनं स्टुडिओत घेऊन गेले. मी झगा घातला, टोपी घातली, दिव्यांसमोर उभा राहिलो. फोटो काढणारा काळ्या कापडाआड गेला, इतक्यात मामा म्हणाले, "थांब रे जरा. काढ तो झगा. मला कसा दिसतो बघू."

मी काढला. बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. आतून "हलू नका" ऐकू आलं. थोड्या वेळानं मामा बाहेर आले, घाम पुसत, हसत. फोटो काढणाऱ्यानं विचारलं, "आता तंबी?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे मी.

मामा म्हणाले, "एवढा एक पुरे. त्याला काय, पुढे पुष्कळ फोटो निघतील."

तो फोटो मोठा करून, गालांना गुलाबी रंग भरून मामांच्या पुढच्या खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी लागला. मामा भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर होते. शाळेची शेवटची परीक्षा त्यांची दोनदा राहिली होती. येणारा प्रत्येक माणूस फोटोकडे बघून विचारायचा, "बी.ए. का?" मामा म्हणायचे, "आमच्या घरातला पहिला." ते खोटं बोलत नव्हते. माझ्याकडे बोट मात्र दाखवत नव्हते. मी त्याच खोलीत सतरंजी घालत असे किंवा पाणी आणून देत असे. "हा आमच्या पानावर वाढला," एवढी माझी ओळख करून दिली जाई.

दहा-अकरा वर्षं मी हे पोटात ठेवलं. नोकरी लागली, लग्न झालं, स्वतःचं घर केलं. मग गावात घरोघर केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, बसस्टँडजवळ काचेचे एसटीडी बूथ आले, आणि ज्याला त्याला वाटायला लागलं की आपणही काही करू शकतो. मलाही वाटलं. मी ठरवलं की आपल्या आयुष्यावर पुस्तक लिहायचं. थोरामोठ्यांसारखं नाही, कारण माझ्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं. मला आवडलेल्या रोजच्या वस्तूंवर. एका वस्तूला एक प्रकरण: पितळी टंबलर, जुनी सायकल, रेडिओ, मातीचा रांजण, ओरत्तनाडुच्या बसमधली ड्रायव्हरमागची खिडकी, श्राद्धाच्या स्वयंपाकातली डांगर पचडी. अशी सव्वीस प्रकरणं. आणि या सबंध पुस्तकात मामांचा उल्लेख कुठेही करायचा नाही. शिवी नाही, तक्रार नाही. नुसते ते नाहीत. भिंतीवरून त्यांनी मला पुसलं, मी कागदावरून त्यांना पुसणार.

पुस्तक मराठीत, देवनागरीत लिहिलं. पिढ्यानपिढ्या तंजावूरकडे राहिलेल्या आम्हा मराठी माणसांपैकी बहुतेकांना ही अक्षरं येत नाहीत. आम्ही घरी मराठी बोलतो आणि पत्रं तमिळ अक्षरांत लिहितो. मला आली ती संध्याकाळच्या हिंदीच्या शिकवणीमुळे. पण मामांना येत होती. दर गुरुवारी भजनाच्या दालनात ते मांडीवर मोठ्या अक्षरांची पोथी घेऊन बसत आणि पानामागून पान खणखणीत वाचत. माझा खरा वाचक एकच होता, आणि त्याला अक्षर येत होतं. बाकीच्यांची मला पर्वा नव्हती.

तंजावूरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत तमिळ आणि इंग्रजी निघे, देवनागरी नाही. शेवटी कुंभकोणमला संस्कृत पोथ्या छापणारा एक जुना छापखाना सापडला. तिथला म्हातारा कंपोझिटर खिळे जुळवता जुळवता थांबायचा. "सार, हे कसलं संस्कृत? आयुष्यभर लावतोय, यातलं एक वाक्य कळत नाही."

"मराठी आहे."

"अजून आहे ते?" तो म्हणाला, आणि पुन्हा वाकला.

तीन वेळा मी प्रुफं तपासली. दर रविवारी सकाळची बस, मांडीवर ओली प्रुफं, बोटांना शाई. प्रत्येक वेळी मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघत होतो: मामा कुठे चुकून आले तर नाहीत ना. सायकलच्या प्रकरणात मी मुळात लिहिलं होतं, 'मामांनी जुनी सायकल दिली.' ते खोडून केलं, 'मला एक जुनी सायकल मिळाली.' ते खोडताना झालेला आनंद मी लपवत नाही. दोनशे प्रती झाल्या. बायकोनं त्या खाटेखाली रचल्या आणि म्हणाली, "वाचणार कोण?"

मी म्हणालो, "एकानं वाचलं की झालं."

प्रकाशन भजनाच्या दालनातच ठेवलं. आमची मराठी घरं, चाळीस-पन्नास माणसं, फिल्टर कॉफी. दोन शब्द बोलून मी सगळ्यांसमोर पहिली प्रत मामांच्या हातात दिली आणि म्हणालो, "मामा, पहिलं पान तुम्हीच वाचून दाखवा." पहिल्या पानावर, ज्यांनी मला घडवलं त्यांची यादी होती: आई, शाळेतले दोन मास्तर, मामी, बसचा कंडक्टर. मामांनी ती यादी लोकांसमोर स्वतःच्या तोंडानं वाचावी आणि शेवटपर्यंत वाचूनही स्वतःला सापडू नये, असा माझा बेत होता.

मामांनी पुस्तक डोळ्यांना लावलं. उघडलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "सुंदर छापलंय. चष्मा घरी राहिला. तूच वाच."

चष्मा त्यांच्या खिशात होता. त्याची दांडी मला दिसत होती. त्यांनी यादी वाचली आणि ते मला चुकवत आहेत, असं मला वाटलं. मी मनात हसलो. यादी न वाचता एक साधं प्रकरण वाचलं आणि बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आमच्याकडे आल्या. मामी कधी एकट्या येत नसत. ओट्यावर बसल्या, पदरानं वारा घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना ती अक्षरं येत नाहीत रे."

"कुणाला?"

"तुझ्या मामाला. पोथी पाठ आहे त्यांना, वडिलांकडून ऐकून. पान कुठे उलटायचं तेही पाठ. काल रात्रभर पुस्तक उशाशी घेऊन निजले. तू येऊन वाचून दाखव म्हणतात. कुणाला सांगू नकोस."

दोन वर्षं मी ज्याच्यासाठी खपलो तो एकमेव वाचक पुस्तकाला नमस्कार करून बसला होता. सूड पोचलाच नव्हता. आता तो मलाच, माझ्या तोंडानं, वाचून पोचवायचा होता. मी म्हणालो, "येतो."

चार रविवार दुपारी मी वाचलं. मामा झोपाळ्यावर, मी खाली, समोर भिंतीवर झग्यातले मामा. पहिलं प्रकरण टंबलरचं. दोन ओळी झाल्या असतील, मामा ओरडले, "अगं ए, ऐकलंस? आपला टंबलर! तो काठाला चेपलेला!"

मामी आतून म्हणाल्या, "चेपला तुम्हीच."

"ते लिही डा, लिही रे त्यात. मी चेपला म्हणून."

रेडिओच्या प्रकरणात मी लिहिलं होतं की संध्याकाळी सुई फिरवता फिरवता दूरचं स्टेशन लागे. मामा म्हणाले, "फिरवत मी होतो. तुला हात लावू देत होतो काय?" रांजणापाशी म्हणाले, "ओरत्तनाडुच्या बाजारातून मी डोक्यावर आणला. बसवाला चढवू देईना." डांगर पचडीचं ऐकून त्यांनी मामींना ती त्याच संध्याकाळी करायला लावली.

प्रत्येक वस्तू त्यांना सापडत होती. मी त्यांना ज्या ज्या ठिकाणाहून काढलं होतं, तिथे ते हसत हसत परत येऊन बसत होते. मला इतका राग आला की तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम भराभर वाचायला लागलो. सायकलचं प्रकरण त्या दिवशी आलं. "मला एक जुनी सायकल मिळाली."

मामांनी पायानं झोपाळा थांबवला. "मिळाली? आकाशातून पडली काय?"

मी पुढे वाचत राहिलो. झोपाळा त्या दिवशी पुन्हा हलला नाही.

चौथ्या रविवारी सव्विसावं प्रकरण संपलं. मी पुस्तक मिटलं.

"झालं?"

"झालं."

"आणि मी?"

या प्रश्नाची मी तेरा वर्षं वाट बघितली होती. मी शांतपणे म्हणालो, "तुम्ही यात नाही, मामा."

"विसरलास?"

"नाही. मुद्दाम."

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांनी खिशातला चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "सरी, बरं. मग माझी सायकल परत कर. टंबलर परत कर, रेडिओ कर. मी नको तर माझ्या वस्तू कशाला घेतल्यास?"

"तुम्ही झगा परत करा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"कुठला झगा?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. मामांनी वळून फोटोकडे बघितलं, जणू तो तिथे आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. "तो?" ते म्हणाले. "तो तर स्टुडिओचा होता रे."

त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी तेरा वर्षं ज्यावर जगलो ते त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं. मी चपला घालून निघून आलो आणि आठ दिवसांनी त्यांना पत्र लिहिलं. मराठीत, पण तमिळ अक्षरांत, म्हणजे त्यांना कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये. ते असं:

मामा,

नमस्कार करतो, तो मनापासून. बाकीचंही मनापासूनच लिहितो.

तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. सायकल आकाशातून पडली नव्हती. खाटेखाली उरलेल्या एकशे एकसष्ट प्रती मी बाहेर काढल्या आणि प्रत्येकीत 'मिळाली' खोडून शाईनं 'मामांनी दिली' लिहिलं. टंबलर तुम्ही चेपला आणि रांजण डोक्यावर आणला, हेही समासात लिहिलं आहे. तीन संध्याकाळी लागल्या. हात दुखतो. तुमचं तुम्हाला दिलं.

आता माझं. झगा स्टुडिओचा होता हे मलाही माहीत आहे. पण त्या दिवशी त्यात उभं राहण्यासाठी पाच वर्षं मी अभ्यास केला होता, तुमच्याच खोलीत, तुमच्याच दिव्याखाली. तुम्हाला तो घालून बघावासा वाटला, हे मला आज समजतं. तुमची परीक्षा राहिली होती. मागितला असता तर फोटो झाल्यावर मीच तुमच्या खांद्यावर घातला असता. तुम्ही मला बाकावर बसवलंत आणि मग तेरा वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला 'आमच्या घरातला पहिला' म्हणताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. हे मी विसरलो नाही आणि विसरणार नाही. उपकार विसरलो नाही तसंच.

पोथीचं कुणाला कळणार नाही. तो सूड मला नको.

मला दुसरा हवा आहे. मी त्या स्टुडिओत चौकशी करून आलो. मालकाचा मुलगा बसतो, झगा तोच आहे, बाहीला ठिगळ आहे. येत्या रविवारी दहा वाजता मी तुम्हाला न्यायला येतो. मी आत जाईन. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसायचं. आणि तो मुलगा तुम्हाला आत बोलावायला आला, तर मी त्याला सांगणार आहे, एवढा एक पुरे.

तुमचा भाचा