तीन ओळींचा अभिप्राय

मी चौथी पास. माझे यजमान एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्याकडे लेख तपासायला यायचे. कोणी संशोधन करून लेख पाठवला, की छापण्याआधी संपादक तो त्याच विषयातल्या दुसऱ्या माणसाकडे पाठवतात. त्याने वाचायचा, चुका दाखवायच्या, छापावा की नाही ते कळवायचं. तपासणारा कोण, हे लिहिणाऱ्याला कळू द्यायचं नाही, आणि लिहिणारा कोण, हे तपासणाऱ्याला. या कामाचे पैसे मिळत नाहीत, मान मिळतो. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. असं पाकीट आलं की आल्यागेल्याला दिसेल असं ते टेबलावर ठेवायचे आणि कोणी विचारलं की म्हणायचे, "गुप्त आहे."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या वरच्या खोलीत एक भाडेकरू होती, दुसऱ्या कॉलेजात शिकवणारी. घरातली पहिली शिकलेली मुलगी. वडील गांधीबागेच्या कापडबाजारात गठ्ठे उचलत. बौद्ध म्हणून तिला दोन-तीन घरांनी खोली नाकारली होती. यजमानांनी दिली, आणि दिल्याचं ते विसरत नसत. तिची नोकरी तात्पुरती होती. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या परीक्षा संपेपर्यंत एक लेख छापायला घेतला गेला तर कायम, नाही तर घरी. हे तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

लेख संत्र्यांवर होता. मृग बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर येणारी, संत्री आणून ती गच्चीवर मांडायची. काहींना मेण लावलेलं, काही तशीच. कुठली आधी सडतात ते बघायची, फोटो काढायची. माझ्या कुरडया बाजेवर वाळत असायच्या तिथेच. वास सुटायचा. मी ओरडायची. ती म्हणायची, "काकू, चार दिवस थांबा ना, सडू द्या त्यायले नीट." पावसाळ्यात तिने लेख टाइप करून पाठवला. मग सुरू झालं पोस्टमनचं. रोज जिन्यावरून विचारायची, "काकू, माझं काही आलं?"

दिवाळी झाल्यावर मी कपाटावरची धूळ काढत होते. वर एक पाकीट होतं, ते हातातून सुटलं आणि आतले फोटो पसरले. संत्री, आणि त्यांच्यामागे माझी बाज. एका पायाला सुतळी गुंडाळलेली, तीच. वर कुरडया. संपादकाने पहिल्या पानावरचं नाव ब्लेडने कापून काढलं होतं, पण माझी बाज तशीच ठेवली होती.

यजमान आल्यावर मी विचारलं, "हे काहून ठेवलं कपाटावर?"

"वाचून राहिलो."

"एवढी धूळ बसेपर्यंत?"

"तुले काय समजते त्यातलं? ठेव तिथं."

"पोरीचं आहे ते."

ते थोडे चपापले. मग म्हणाले, नाव कापलेलं आहे, म्हणजे कोणाचं ते आपल्याला माहीत नाही असंच धरायचं असतं. मी म्हटलं, माहीत असताना माहीत नाही असं धरायचं? परत पाठवा ना, भाडेकरूचं आहे म्हणून कळवा. म्हणाले, "एकदा परत केलं की पुढचं पाठवत नाहीत."

म्हणजे परतही करायचं नाही आणि वाचायचंही नाही. मला वाटलं आळस असेल. आळस नव्हता. मेण लावलं की संत्री टिकतात, असा त्यांचा जुना लेख होता, त्यावर त्यांचं नाव झालं होतं. पोरगी लिहीत होती की आपल्याकडच्या उन्हात मेणाची संत्री आतून आधी सडतात. हे मला गच्चीवर तिनेच सांगितलं होतं. तिला सरांच्या लेखाचा धाक वाटायचा, तरी जे दिसलं ते तिने लिहिलं.

वाईट याचं वाटलं की ती खाली चहाला आली की हे विचारायचे, "मग? लेखाचं काय झालं?" पाकीट चार हातांवर कपाटावर. ती बिचारी सांगायची, "अजून काही नाही सर." हे मान हलवायचे. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

शेवटी मी पाकीट त्यांच्या ताटाच्या जागी ठेवायला लागले. जेवायला बसले की समोर पाकीट.

"हे काय आहे वं?"

"आधी हे संपवा. भाजी गरमच आहे."

संक्रांतीच्या सुमारास, एका दुपारी, त्यांनी तीन ओळी लिहिल्या. काय लिहिलं, ते मी विचारलं. म्हणाले, आणखी एका हंगामाचे प्रयोग हवेत.

"हवेतच का?"

"असले तर बरं."

"म्हणजे आणखी वर्ष. तिची नोकरी उन्हाळ्यात जाते."

"लेख तपासताना नोकरी पाहायची नसते."

"बरोबर आहे. मग स्वतःचा जुना लेख पाहायचा असतो का?"

ते उठून गेले. जाताना म्हणाले, "आपण तिले खोली दिली, आणखी काय पाहिजे?"

होळीच्या आधी तिला लेख परत आला, सोबत त्या तीन ओळी. ती तो कागद घेऊन खालीच आली, यजमानांकडे. रडली नव्हती. म्हणाली, "सर, आणखी हंगाम कशाले पाहिजे ते मले समजत नाही आहे. तुम्ही सांगाल का?"

आणि हे सांगायला लागले! चष्मा लावून, जसं काही पहिल्यांदाच वाचत आहेत. तपासणाऱ्याचा मुद्दा कसा विचार करण्यासारखा आहे, उत्तर कसं नम्र द्यावं. ती वहीत उतरवून घेत होती. मी दारात उभी होते, हात कणकेचे. मला सहन झालं नाही.

"त्यांनीच लिहिलं आहे ते," मी म्हटलं. "दिवाळीपासून ह्या कपाटावर होतं."

नियम मोडला मी. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. नाव झाकायचं ते तपासणाऱ्याला खरं बोलता यावं म्हणून, असं त्यांनीच सांगितलं होतं. इथे खरं कुठे होतं?

पोरीने पेन बंद केलं. मग तिने विचारलं, "सर, माझ्या आकड्यांत चूक आहे का?"

"चूक अशी नाही."

"मग तेवढंच संपादकांना लिहून द्या."

"आता ते संपादकांच्या हातात आहे."

"पाकीट तुमच्या हातात होतं तेव्हा, सर?" ती म्हणाली, आणि वर गेली.

तपासणारा कोण होता, ते तिने स्वतः संपादकांना कळवलं. त्यांनी लेख दुसऱ्याकडे तपासायला दिला. पण परीक्षा संपल्या आणि नोकरी गेली. हिंगण्याच्या एका कारखान्यात सरबताच्या बाटल्या तपासायचं काम तिला मिळालं. शहराबाहेर वाडीला खोली घेतली. यजमान म्हणत राहिले, "मी तिले जा म्हटलं नाही." राहा, असंही म्हटलं नव्हतं. रिक्षात सामान मी चढवलं.

पुढच्या वर्षी तिचा लेख छापून आला. आम्हाला तिने पाठवला नाही, मी अपेक्षाही केली नाही. हे मात्र ग्रंथालयात जाऊन वाचून आले. जेवताना म्हणाले, "चांगला आहे. आकडे पक्के आहेत."

"मले काहून सांगता?" मी म्हटलं. "वाडीला बस जाते. तिले जाऊन सांगा."

गेले नाहीत.