सतरा एक आणि एकोणीस एक

१८ ऑक्टोबर. उद्या रंगारी येणार, म्हणून स्वयंपाकघर रिकामं करत होते. मिक्सर हलवला तर मागे काळ्या ओट्यावर खडूने लिहिलेले एकोणीस एक दिसले. मावशीचे.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. देवासला मुलींच्या शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं. लांबलचक आकडा दिसला की त्याला कशाने भाग जातो हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. इंदूरच्या बसमध्ये चढताना एकदा नंबर वाचून कंडक्टरला म्हणाली, "भिया, तुम्हारी गाडी तो तीन से कटती है." तिला म्हणायचं होतं तिनाने भाग जातो; तो बिचारा खाली उतरून टायर बघून आला.

एक आणि स्वतः सोडून ज्यांना कशानेच भाग जात नाही, त्या मूळ संख्या तिच्या खास लाडक्या. शाळा हिंदी, म्हणून ती त्यांना अभाज्य म्हणायची. लग्न तिने केलं नाही. स्थळ सुचवायला आलेल्या बाईंना तिने सांगितलं होतं, "मीही अभाज्य. मला एकाने भाग जातो, नाहीतर माझा मलाच."

"मग तो एक कोण?" बाईंनी आशेने विचारलं.

"आकडा हो, आकडा!"

पुढे तिला नुसत्या एकांच्या आकड्यांचा नाद लागला. एक सम वेळा लिहिले की अकराने भाग जातो, तिनाच्या पटीत लिहिले की तिनाने. पाच एकांना एक्केचाळीसने जातो, तेरांना त्रेपन्नने. सतरा एक मात्र तिला दाद देत नव्हते. दूध तापेपर्यंत ती देवासच्या तिच्या ओट्यावरच खडूने भागाकार मांडायची. पोळ्यांना खडू लागतो म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाली, "कॅल्शियम आहे, खा."

मग तिची नजर अधू झाली, एकदा गॅस चालू राहिला. एकटी राहणं धोक्याचं होतं. मी धारला माझ्याकडे चल म्हणाले.

"सतरा एकांना ज्या दिवशी भाग जाईल, त्या दिवशी येईन," ती म्हणाली. भाग जाणार नाही याची तिला खात्री होती.

पुढच्या खेपेला मी मुलीला बरोबर नेलं. तिने फोनमध्ये पाहिलं आणि ओरडली, "मावशीआजी, ये तो कटतंय! बीस लाख इकहत्तर हजार सात सौ तेईस ने!"

मावशीचा फोनवर विश्वास नव्हता. तिने दुसरा अवयव विचारून घेतला आणि गुणाकार मांडला. अर्धा ओटा भरला. शेवटच्या ओळीत सतरा एक उभे राहिले. तिने ते बोट लावून पुन्हा मोजले.

"दिसायला किती एकटा होता गं," ती म्हणाली, "आणि आत दोघं!"

"आता?" मी विचारलं. गाडी मी बाहेर उभीच ठेवली होती.

"आता काय, पिशवी काढ. शब्द दिलाय."

धारला आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर एकोणीस एक उमटले. "अठरावी जागा परार्धाची, तिच्या पुढे जागांना नावंच नाहीत," तिने मुलीला समजावलं. "हा शेवटचा एक बिननावाचा. आणि हे बघ, याचं फोनला विचारलंस तर मी देवासला परत."

मुलीने आधीच विचारलं होतं. तिने मला कानात उत्तर सांगितलं आणि आम्ही दोघी गप्प बसलो. मावशी रोज चहाच्या वेळी नवा आकडा लावून बघायची आणि "हाही हरला!" म्हणत खुशीत पोहे खायची. परत जायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

शेवटच्या आजारपणात मला म्हणाली, "कटला नाही तर बरं होईल गं. एक तरी माझ्यासारखा राहू दे."

मी तेव्हाही सांगितलं नाही. विचारलं कुठे होतं तिने? श्रावणात ती गेली.

१९ ऑक्टोबर. सकाळी रंगारी आला. ओट्यावर चढण्याआधी म्हणाला, "दीदी, ये हिसाब मिटा दूँ?"

"थांब, भिया."

खडूचा तुकडा चहाच्या डब्यामागे होता. एकांच्या खाली मी मुलीने तेव्हा कानात सांगितलेलं उत्तर लिहिलं, "नाही कटत." मग ओलं फडकं घेऊन ओटा मीच पुसला आणि त्याला वर चढू दिलं.