सायमीचं घुबड

सव्वीस वर्षं मी बर्फ ढकलायची गाडी चालवतोय. रस्त्यावर बरंच काही बघितलंय, पण या फेब्रुवारीत जे बघितलं, त्याची शिसारी अजून जात नाही.

सायमी माझी शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली आणि कॅमेरा घेऊन रानात शिरली. मेलेल्या नवऱ्याचा कोट घालून उणे पंचवीस अंशांत झाडाखाली चार-चार तास बसायची, एका मोठ्या करड्या घुबडासाठी. असे अकरा हिवाळे! मी चिडवायचो, "सायमी, त्याच्याशी लग्नच लाव एकदाचं."

"तुझ्यापेक्षा कमी बोलतं, तेवढं पुरे," ती म्हणायची.

आमच्याकडे दोन जागा कुणी कुणाला सांगत नाही. दलदलीतली बेरी कुठे पिकते ती, आणि घुबड कुठे बसतं ती. सख्ख्या भावालासुद्धा नाही. सायमीनं सांगितली. तिच्या बहिणीला माती देऊन आलो, सगळे कॉफी घेत बसलो होतो, आणि बहिणीचा मुलगा वेसा रडवेला होऊन म्हणाला, "मला एकदाच बघू दे ना गं, मावशी." मावशी विरघळली.

पंधरा दिवसांत तिथे रस्त्याच्या कडेला सात गाड्या! वेसाच्या हातात दुकानातून आणलेल्या पांढऱ्या उंदरांचा खोका. एक उंदीर बर्फावर फेकायचा, बिचारा कुठे पळावं ते न कळून गोल गोल फिरायचा, घुबड झेपावायचं आणि ओळीनं उभे असलेले ते कॅमेरेवाले खटाखट फोटो काढायचे. "परत टाक, डोळे नीट आले नाहीत!" आणि हसत होते. शी!

सायमी धावत आली. "वेसा, लाज विकून खाल्लीस का? ते रस्त्याला सोकावलंय. एक दिवस गाडीखाली जाईल."

"उलट पोट भरतोय त्याचं, मावशी. आणि तू तरी काय करत होतीस? फोटोच काढत होतीस ना?"

चोर तो चोर, वर शिरजोर. मला तर त्या हलकटाच्या तोंडावर थुंकायची इच्छा झाली.

मग मंगळवारी तिथून जाताना मी गाडीचा वेग कमी केला, तर ते घुबड सरळ माझ्या काचेवर आलं. पंख घासून गेला. थोडक्यात वाचलं. मी सायमीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यांची दोन झाकणं घेऊन माझ्या गाडीत बसली. कॅमेरा घरीच.

वेसाची टोळी अजून आली नव्हती. घुबड झाडाच्या शेंड्यावर बसलेलं. सायमी झाकणं आपटत ओरडायला लागली, "जा मेल्या! माणसांजवळ येऊ नकोस! जा!" बर्फाचे गोळे फेकले. घसा बसला, गाल ओले झाले.

घुबड उडालं. पण रानात गेलं नाही. खाली येऊन तिच्यासमोरच्या खांबावर बसलं आणि तिच्या हातांकडे बघत राहिलं, उंदीर कधी टाकते म्हणून.