मासोळीले माता आली तेव्हा

आमच्या भाऊजीसारखा माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा सापडणार नाही, अन् नाही सापडला तेच बरं. असे दोन असते तं मी कधीचीच घर सोडून गेली असती. भाऊजी म्हणजे माझे दीर, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची बायको गेली, माझा मालकही गेला, तवापासून आम्ही दोघं म्हातारे एका घरात राहतो. रांधते मी, नावं ठेवते ते. चहात साखर कमी झाली की रुसणार, पंख्याचा वारा वाकडा येते म्हणून साऱ्या घरात खाट फिरवणार, अन् बीपीची गोळी घ्या म्हटलं तं म्हणणार, "वहिनी, गोळ्या खाऊन कोण अमर झालं?" अशा माणसानं एका मासोळीच्या औषधासाठी मले कसं पळवलं, ते ऐका.

मासोळी त्यांच्या पोट्टीची. पोट्टी नोकरीले पुण्याले गेली अन् तिची काचेची पेटी इथंच राहिली, आत एकच सोनेरी मासोळी. दर रविवारी पोट्टीचा व्हिडिओ फोन येते. भाऊजी फोन पेटीसमोर धरते, ती घटकाभर मासोळीचे लाड करते, अन् "ठीक है पापा, रखती हूँ." बापाचं तोंड काही तिले दिसत नाही, नुसता मागून खोकला ऐकू जाते.

एक दिवस मासोळीच्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे उठले. भाऊजीनं चष्मा लावून पाहिलं अन् जाहीर केलं, "वहिनी, माता आली! आजपासून घरात फोडणी बंद." लेकराले गोवर-कांजण्याची माता आली की फोडणी देत नाही, हे मलेही माहीत आहे. पण मी म्हटलं, "भाऊजी, ती पाण्यात राहते. तिले ठसका कसा लागन?" तं माझ्यावरच डोळे वटारले. माझे लेकरं गोवरानं फणफणले तेव्हा मी बीरगांवच्या फॅक्टरीत पोते शिवत होती. अंगाखाली कडुनिंबाचा पाला टाकायचा, कपाळावरून हात फिरवायचा अन् कामावर जायचं. तेव्हा कोणी पळालं नाही, अन् आता ह्या बोटभर जीवासाठी मी बिनफोडणीचं वरण गिळू! वरून पेटीवर बांधाले कडुनिंबाची डगाळीही मलेच तोडाले लावली.

निंबानं काही दाणे गेले नाही. पोट्टीनं फोनवर बजावलं, "पापा, दवाई डालो." मंग आमची वरात निघाली, कारण एकट्याले दुकानदार फसवते म्हणे. समता कॉलोनीतल्या मेडिकलवाल्यानं विचारलं, "पेशेंट की उमर?" भाऊजी म्हणाले, "तीन साल." त्यानं लेकराच्या तापाचं गोड औषध काढलं, चमच्यानं कसं पाजायचं तेही समजावलं. हे शांतपणे सारं ऐकून म्हणते कसे, "चम्मच से नहीं पीती भैया, मछली है." अख्खं दुकान हसलं. मी तोंडावर पदर घेतला.

जनावराच्या दवाखान्यात गेलो तं आमाले बकऱ्यांच्या लायनीत उभं केलं. एका बकरीनं माझ्या पातळाचा काठ चघळून टाकला. नंबर आला तं डॉक्टर मान वर न करता विचारते, "तालाब कितने एकड़ का है?" भाऊजीनं दोन हात पसरून दाखवले, "इतना." डॉक्टर म्हणे, "बाबूजी, टाइम खराब मत करो." मले असा राग आला! "काहून साहेब," मी म्हटलं, "लहान पाण्यातला जीव जीव नाही का?" बोलून गेल्यावर मलेच नवल वाटलं, मी कोणाची बाजू घेऊन राहिली म्हणून.

शेवटी सदर बाजारच्या मागच्या गल्लीत रंगीत मासोळ्यावाल्यानं निळ्या औषधाची बाटली दिली. थेंब थेंब टाका, खडे मीठ टाका, पाणी बदलत जा. बदलत जा म्हणजे बादल्या मी उचलायच्या. पेटी शाईच्या दौतीसारखी झाली. भाऊजीचे बोटं निळे, टॉवेल निळा, एकदा तं माझी पोळीही निळी. पण पोट्टीचा फोन आता रोज येऊ लागला. निळ्या पाण्यात तिले मासोळी दिसे ना, मंग बापालेच सांगावं लागे: आज खाल्लं का, कुठं बसली, कशी पोहली. फोन भाऊजीनं पहिल्यांदा आपल्या तोंडाकडं फिरवला. कधी कधी पोट्टी विचारे, "और आपने खाना खाया?"

असं लय दिवस चाललं. एरवी मासोळीले हात भाऊजीच लावत, पण एका दुपारी ते दाढी कराले गेले, अन् पाणी बदलाले मी मासोळी भात रांधायच्या गंजात काढली. साध्या पाण्यात पाहते तं अंगावर एक दाणा नाही! लखलख करून राहिली, पोट सुटलेलं. कधीचीच बरी झालेली.

भाऊजी आले तसा मी गंज त्यांच्यासमोर आदळला. "हे काय?"

"बरी दिसते," ते म्हणाले. कानाले अजून साबण लागून होता.

"कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"अन् मी बिनफोडणीचं गिळून राहिली! बादल्या वाहून राहिली! या वयात लाज नाही वाटत?" मी असं तोंड सोडलं की सारा पारा, अख्खा मोहल्ला खिडक्यात आला. भाऊजी आपल्या निळ्या बोटाइकडं पाहत म्हणाले, "वहिनी, बरी झाली सांगितलं तं पुन्हा रविवारच ना."

तेवढ्यात फोन वाजला. ते उचलत ना, तं मी उचलला.

"मोठी आई, आज मछली कैसी है?"

मासोळी गंजात गरगर फिरून राहिली होती. भाऊजी जमिनीकडं पाहून राहिले होते.

"अजून कमजोर आहे, बाई," मी म्हटलं. "वेळ लागन. तुझ्या बापाले विचार, सारं त्यालेच माहीत." अन् फोन त्यांच्या हातात देऊन मी ओट्यावर जाऊन बसली.

आतून आवाज येऊन राहिला होता. सकाळी वर आली, मंग खाली गेली, मंग घडीभर कोपऱ्यात बसली. पोट्टी विचारे, "फिर?" की भाऊजी पुढचं सांगत. चहाची वेळ होऊन गेली, तरी मी उठली नाही.