गिटारीवर तुरीचं पोतं

गिटार दुरुस्त करायला तुरीचं पोतं लागतं, असा आमच्या उदगीरच्या घरात समज होता.

गिटार माझ्या बायकोची. महानंदा लातूरला कॉलेजात असताना तिच्या बाबांनी घेऊन दिलेली, स्वस्तातलीच. लग्नानंतर गिटार कपाटामागे गेली. गेल्या वर्षी बाबा वारले, त्यानंतर एकदा महानंदाने ती बाहेर काढली. तारा गंजलेल्या, तारा अडकवायची लाकडी पट्टी उचकटलेली. तिने पदराने धूळ पुसली आणि परत कपाटामागे ठेवून दिली. मला ते बघवलं नाही. ही गिटार पुन्हा वाजलीच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. (घरातला मिक्सर मी दुरुस्त केल्यापासून आम्ही चटणी पाट्यावर वाटतो, हे त्या वेळी आठवलं नाही!)

ती माहेरी गेल्यावर मी कामाला लागलो. तारा ताणायच्या नव्या चाव्या बसवल्या, भारीतल्या तारा आणल्या, पट्टीखाली सढळ हाताने सरस ओतला. व्हिडिओतला माणूस म्हणाला, आता शिकंजा लावून घट्ट दाबा. आमची भुसाराची आडत. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, दाबायची प्रत्येक गोष्ट जन्मभर पोत्याखालीच दाबली.

"शिकंजा कशाला? तुरीचं अर्धं पोतं ठिवू की," अण्णा म्हणाले. मला लगेच पटलं. मी त्यांचाच मुलगा.

दुसऱ्या दिवशी पट्टी पक्की बसली होती आणि पोतंही पट्टीला तितकंच पक्कं बसलं होतं. मी जोर लावून ओढलं. पोतं टरकन फाटलं आणि तूर गिटारीच्या भोकातून थेट पोटात! मग मी गिटार उलटी धरून हलवतोय, अण्णा खाली सूप धरून बसलेत, आणि महानंदा दारात उभी.

बाबांची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे होती. अण्णांनी सूप पाठीमागे लपवलं.

तिने गिटार घेतली, पट्टीला चिकटलेल्या सुतळ्या एकेक करून काढल्या, तारा स्वतः चढवल्या आणि बाबांच्या आवडीची चाल वाजवली. दर ठोक्याला आत उरलेली तूर खुळखुळत होती. ती रडत होती आणि हसतही होती.

"बाबा असते तर लई हसले असते," ती म्हणाली.

मला राहवेना, मी सोबत गाऊ लागलो.

तिने तारांवर हात ठेवला. "आतली तूर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "तिचा काही तरास न्हाई. फक्त तुम्ही गाऊ नका."